भिंतीवरचा बाण खाली काढा

आपल्याकडे कितीतरी घरांच्या दिवाणखान्यात एक तीरकामठा टांगलेला असतो. वडील वन खात्यात होते, आजोबा धडगावला महसुलात होते, काकू मोलगीकडच्या आश्रमशाळेत शिकवायच्या, आत्याचे यजमान मेळघाटात डॉक्टर होते. बदली झाली तेव्हा गावकऱ्यांनी निरोपाला दिला, नाहीतर आठवडी बाजारात हौसेनं घेतला. कामठा आता वाळून कडक झालेला असतो, दोरी तुटलेली असते आणि सोबतचे चार-सहा बाण सुतळीनं खिळ्याला बांधलेले असतात. ते कुठले म्हणून विचारलं की घरातले सांगतात, 'आदिवासींचे आहेत.' याच्या पुढे कुणालाच काही सांगता येत नाही.

हे आवाहन अशा घरांसाठी आहे. अलीकडे जुने हातबनावटीचे बाण जमवण्याचा नाद लागलेली बरीच तरुण मंडळी भेटतात. त्यांच्यासाठीही आहे.

माझं सांगणं एकच आहे. बाण जरूर जमवा, पण त्याचं नावगाव लिहून ठेवल्याशिवाय जमवू नका. कुणी केला, कुठल्या पाड्यावर केला, साधारण कधी आणि कशासाठी केला, हे सोबत असेल तर तो बाण एका माणसाच्या हाताचं काम म्हणून उरतो. ते नसेल तर उरते ती शोभेची काडी. कीड लागली की पुढची पिढी ती फेकून देते, आणि त्यात तिचा दोष म्हणता येत नाही.

तलवारीचं तसं नसतं. तलवारीवर कधी नाव कोरलेलं असतं, कधी घराण्यात तिची हकीगत असते, दसऱ्याला तिची पूजा होते. बाण हा खर्ची पडणारा माल. सुटला की झुडपात हरवला, दगडावर आपटून मोडला, पाण्यात वाहून गेला. टोक सापडलं तर तेच उपसून नव्या काडीत बसवायचं. त्यामुळे रोजच्या वापरातला बाण दोन-तीन पिढ्या टिकणं हीच अपवादाची गोष्ट आहे. जे टिकले ते बहुतेक असेच कुणाच्या तरी भिंतीवर टिकले, म्हणजे तुमच्याकडे.

तर तो खाली काढा आणि उजेडात नीट बघा. सातपुड्यातल्या भिल्ल-पावऱ्यांकडचा जुना बाण असेल तर काडी बोरूची किंवा बारीक बांबूची असेल. तळहातावर आडवी धरली तर वजन जाणवणारही नाही. काडीवरच्या पेरांकडे बघा. ज्या टोकाला दोरीसाठी खाच केलेली असते, तिथं जाणता कारागीर पेर जवळ ठेवतो. पोकळ काडीत खाच पाडली आणि पेर लांब राहिलं, तर दोरीच्या धक्क्यानं काडी उभी चिरते. खाचेच्या आतली बाजू बोटानं चाचपून बघा. वापरलेल्या बाणाची खाच गुळगुळीत झालेली असते आणि कडा किंचित दबलेल्या असतात. न वापरलेल्या बाणाच्या कडा अजून धारदार लागतात.

आता पुढचं टोक. लोहारानं ठोकलेलं पातं दोन्ही बाजूंनी सारखं नसतं, हातोडीच्या घावांचे उंचवटे तिरप्या उजेडात दिसतात. पात्याचं शेपूट काडीत खुपसलेलं असतं. नेमकी तिथंच काडी फुटायची भीती, म्हणून दोनेक बोटं रुंदीचा तांतीचा वेढा घट्ट गुंडाळून वर लाखेचा किंवा डिंकाचा हात फिरवलेला असतो. तांत म्हणजे जनावराच्या कंडरेचा धागा. तो ओला असताना गुंडाळतात आणि वाळला की आपसूक आवळतो. पिसांच्या दोन्ही टोकांनाही असाच वेढा असतो. हा वेढा कुठल्या दिशेनं फिरवला आहे ते बघा आणि सगळ्या बाणांची दिशा ताडून बघा. एका जुडीत दोन दिशांचे वेढे निघाले तर ते बाण एका हातचे नसण्याची शक्यता मोठी.

हे मनचं सांगत नाही. 1991 मध्ये आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या सुमारे 5,300 वर्षांपूर्वीच्या माणसाच्या, ज्याला ओत्झी म्हणतात त्याच्या भात्यात चौदा काड्या होत्या. त्यातले पिसं आणि गारेचं टोक लावलेले पुरे बाण दोनच. त्या दोन्ही बाणांवरच्या धाग्याचा वेढा तपासून अभ्यासकांनी निष्कर्ष काढला की एक बाण उजव्या हाताच्या माणसानं बांधला असावा आणि दुसरा डावखुऱ्यानं. पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचं नाव आपल्याला कधीच कळणार नाही, पण त्याचा हात कळला. हे शक्य झालं, कारण बर्फातून निघाल्यावर कुणी ते बाण घासूनपुसून पॉलिश केले नाहीत.

दुसरं उदाहरण इंग्लंडचं. 1545 मध्ये बुडालेलं 'मेरी रोज' हे युद्धजहाज 1982 मध्ये वर काढलं. त्यातून साडेतीन हजारांच्या आसपास लाकडी बाण मिळाले. लोखंडी टोकं गंजून गेली होती, पिसं कुजली होती, बहुतेक पॉप्लरच्या हलक्या लाकडाच्या काड्या राहिल्या. त्या काड्यांवर पिसं चिकटवली होती तिथं जो लेपाचा माग उरला होता, त्यात तांब्याचा अंश सापडला. किडीपासून पिसं वाचावीत म्हणून तो घातला असावा, असं मानतात. कुणी उत्साहानं ती हिरवट घाण खरवडली असती तर एवढी बारीक गोष्ट कायमची गेली असती. म्हणून हात जोडून विनंती आहे, जुना बाण साफ करायला घेऊ नका. लाखेचा थर, धुराची काजळी, काडीवर बोटं जिथं पडायची तिथला काळपट डाग, हे सगळं त्या बाणाच्या हकिगतीचा भाग आहे.

टोकांवरून बाणाचं काम ओळखता येतं. भिल्लांच्या बाणांना चपटं, सुरीसारखं पातं असतं किंवा खिळ्यासारखं गोल टोक. पाखरं पाडायच्या बाणाला बोथट गोळा असतो, म्हणजे पाखरू फाटत नाही आणि बाण झाडात रुतून बसत नाही. मासे मारायच्या बाणाला उलट काटे असतात. बोथट बाण विकत घेताना लोक नाक मुरडतात, 'याला टोकच नाही' म्हणतात. त्याच्यात किती डोकं चालवलं आहे ते ध्यानात आलं की हा बाण सगळ्यांत आधी जपावासा वाटेल. पोराटोरांच्या हातचा म्हणून तो घरोघरी असायचा आणि म्हणूनच कुणी ठेवला नाही.

बाण म्हटला की शिकार किंवा लढाई एवढंच आपल्या डोळ्यापुढे येतं. पण निलगिरीतल्या तोडा लोकांमध्ये गरोदरपणातल्या एका विधीत पुरुष त्या बाईला छोटं धनुष्य आणि बाण देतो, आणि होणाऱ्या मुलाचा बाप समाजाच्या दृष्टीनं तो ठरतो. रिव्हर्स या अभ्यासकानं 1906 च्या आपल्या ग्रंथात हा विधी तपशिलात नोंदवला. असा चिमुकला बाण उद्या एखाद्या दुकानात खेळणं म्हणून विकायला आला तर आपण काय समजून घेणार? त्याच्यासोबत कुणीतरी चार ओळी लिहिलेल्या असल्या पाहिजेत.

आता विकणाऱ्यांविषयी. जुन्या वस्तूंच्या बाजारात एकही बाण साधा नसतो. कुणी म्हणतो इंग्रजांशी लढलेल्या खाज्या नाईकांच्या टोळीतला, कुणी म्हणतो तंट्या भिल्लाच्या वेळचा. 11 एप्रिल 1858 रोजी सातपुड्यात अंबापाणीला भिल्लांची इंग्रजांशी लढाई झाली, पुष्कळ माणसं पडली, हे खरं आहे. त्या लढाईतला बाण तुमच्या हातात आहे असं सांगणाऱ्याला एवढंच विचारा, की मधल्या दीडशेहून जास्त वर्षांत हा बाण कुणाकुणाच्या घरी होता? घरांची साखळी सांगता आली तर लिहून घ्या. सांगता आली नाही तर ती विकायची गोष्ट आहे. जुनेपणाचा रंग चहाच्या पाण्यानं किंवा बुटाच्या पॉलिशनं चढतो, पण तो सगळीकडे सारखा चढतो. खऱ्या वापराचा डाग हाताच्या जागी असतो आणि वेढ्याच्या खालची काडी फिकी राहते. गिरणीत कातलेली, एका मापाची सरळसोट गोल दांडी, पत्रा कापून केलेलं टोक, रंगवलेली पिसं, हा पर्यटकांसाठीचा माल. तो वाईट नाही, कुणाची तरी रोजी त्यावर चालते, पण तो जुना म्हणून घेऊ नका.

इथं एक सांभाळा. नायलॉनचा दोरा, कोंबडीचं पीस, छत्रीची काडी ठोकून केलेलं टोक दिसलं की जाणकार म्हणवणारे लगेच 'अस्सल नाही' म्हणून बाजूला टाकतात. मला ते पटत नाही. माणूस हाताशी असेल ते वापरतो. 1980 नंतर कुणी तांतीऐवजी नायलॉन गुंडाळला असेल तर त्या काळात त्या पाड्यावर काय मिळत होतं आणि काय मिळेनासं झालं होतं, याची ती नोंद आहे. आमच्या काळाच्या वस्तूही उद्या जुन्याच होणार.

पिसांचा विषय मोठा आहे आणि तो टाळून चालणार नाही. मध्य भारतातल्या जुन्या बाणांना गिधाडाची पिसं लावायची रीत होती. लांब, ताठ, पावसातही लवकर न मोडणारी पिसं. तेव्हा गावाबाहेर मेलेल्या गुराभोवती गिधाडं जमायची आणि गळलेली पिसं वेचून आणता यायची. 1990 नंतर गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधानं गिधाडं मेली. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी ते खाल्लं की त्यांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या दीड दशकात 99 टक्क्यांहून जास्त घटली. 2006 मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, तोवर आकाश रिकामं झालं होतं. तुमच्या भिंतीवरच्या बाणाला लागलेलं ते मळकट तपकिरी पीस या घटनेच्या आधीचं असू शकतं. ते उपटून तिथं मोराचं चकचकीत पीस लावू नका. असं 'सुशोभन' केलेले बाण मी पाहिले आहेत आणि बघून फार वाईट वाटतं.

पण त्याच पिसांमुळे कायदाही येतो. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 चा आहे. गिधाड त्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे त्याचं पीस असलेली वस्तू विकत घेणं-विकणं हा गुन्हा ठरू शकतो, ती कितीही जुनी असो. मोराच्या शेपटीच्या गळलेल्या पिसांना देशात सूट आहे, देशाबाहेर न्यायला नाही. त्यामुळे शिकारी पक्ष्यांची, गिधाड-गरुडांची पिसं लावलेला बाण कुणी विकायला आणला तर घेऊ नका. जिथं आहे तिथं राहू द्या, घरच्यांच्या परवानगीनं त्याचे फोटो काढा, मापं घ्या, माहिती लिहा. असा बाण तुमच्या घरी पिढीजात असेल तर लपवाछपवी करू नका, वन विभागाच्या कार्यालयात विचारा आणि संग्रहालयाला दाखवा. जाणकाराकडून पीस कुठल्या पक्ष्याचं ते आधी ओळखून घ्या, कारण पुष्कळदा भीती गिधाडाची असते आणि निघतं ते साध्या कोंबड्याचं.

दुसरा कायदाही 1972 चाच, पुरावस्तू आणि कलानिधींचा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू धरली जाते. तिचा धंदा करायला परवाना लागतो आणि खाजगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेत, आखातात, इंग्लंडात असलेली आपली मुलं सुट्टीला येतात आणि आजोबांची आठवण म्हणून बाण बॅगेत घालतात. तसं करू नका. वस्तू शंभर वर्षांच्या आतली असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळवता येतो. तरी पिसांचा प्रश्न राहतोच, तिकडच्या देशाचे पक्ष्यांविषयीचे कायदेही आडवे येतात. त्यापेक्षा मुलांना चांगले फोटो आणि लिहिलेली हकीगत द्या आणि बाण इथं राहू द्या. देशातल्या देशात विमानानं नेणार असाल तरी केबिनमध्ये बाण चालत नाही, हेही ध्यानात असू द्या.

लष्करातल्या घरांना वेगळं सांगायचं आहे. अरुणाचलात किंवा ईशान्येकडे कुठंही नोकरी झालेल्या जवानांच्या आणि अधिकाऱ्यांच्या घरी तिकडचे बांबूचे बाण असतात. त्या भागात बाणाच्या टोकाला बचनागाच्या जातीच्या वनस्पतीचं विष लावायची पद्धत होती. टोकामागे काळसर, सुकलेला लेप दिसला तर हातमोज्यांशिवाय स्पर्श करू नका, खरवडू नका, टोक जाड कागदात आणि पुठ्ठ्यात बंद करून त्यावर 'विषारी असू शकतं' असं ठळक लिहा. असली विषं वर्षानुवर्षं मरत नाहीत. लहान मुलं असलेल्या घरात तर हा बाण आजच भिंतीवरून उतरवा. जुन्या काळी संग्रहालयांत आणि संग्राहकांकडे किडीसाठी सोमल आणि पाऱ्याची औषधं वापरायचे, तेव्हा कुठल्याही जुन्या संग्रहातून आलेला बाण हातमोजे घालूनच हाताळावा. अंदमानातल्या जारवांचा किंवा सेंटिनेली लोकांचा बाण म्हणून कुणी काही विकत असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका. त्या लोकांच्या भागात बाहेरच्यांनी जाण्यालाच 1956 च्या नियमनानं मनाई आहे.

आता सगळ्यांत नाजूक गोष्ट, माणसांकडून बाण घेणं. होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात, काठी गावाला राजवाडी होळी होते, दूरदूरच्या पाड्यांवरून माणसं साजशृंगार करून, तीरकामठे घेऊन येतात. अशा वेळी पाहुणे जातात आणि खांद्यावरचा तीरकामठा बघून पहिला प्रश्न करतात, 'केवढ्याला देणार?' सणाला नटून आलेल्या माणसाला हा प्रश्न विचारूच नये. काही घरांत तीरकामठा देवाजवळ असतो, तोही मागू नये. घरात आजारपण असेल, पीक गेलं असेल, तेव्हा दोन-तीनशे रुपयांत आजोबांचा भाता उचलून आणणं याला मी संग्रह म्हणणार नाही. जो बाण अजून त्या घराचा आहे, तो त्या घरातच राहावा. त्याची माहिती आणि फोटो तेवढे आपण मागून घ्यावेत, आणि फोटोची एक छापील प्रत त्यांना नेऊन द्यावी. हे न चुकता करा. पाहुणे फोटो काढतात आणि जातात, ही त्या पाड्यांवरची जुनी तक्रार आहे.

बसून बोलायला वेळ काढा. 'बाबा, हा कुणी केला? काडी कुठून आणली? कुठल्या महिन्यात तोडली? टोक कोणत्या लोहारानं ठोकलं? पीस कशाचं? तुमच्या बोलीत या भागाला काय म्हणता?' अशा साध्या प्रश्नांना म्हातारी माणसं मनापासून उत्तरं देतात. काडी विस्तवावर शेकून डोळ्यापुढे धरून सरळ कशी करायची, हे सांगता सांगता हातानं करूनही दाखवतात. बोलीतले शब्द जसे कानावर पडले तसे देवनागरीत लिहा, त्यांना प्रमाण मराठीचं रूप देऊ नका. मात्र शिकारीच्या गोष्टी ऐकाल तेव्हा जपून. वन्य प्राण्यांची शिकार हा कायद्यानं गुन्हा आहे. एखाद्या बाबांनी भरवशानं सांगितलेली हकीगत त्यांच्या नावासह आणि सालासह लिहून तुम्ही चारचौघांत मांडली, तर उद्या त्रास त्यांना होईल. काय लिहायचं आणि काय नाही, ते त्यांना विचारून ठरवा.

घरच्या बाणाची माहिती मिळवायची असेल तर वेळ दवडू नका. वडिलांच्या नोकरीच्या नोंदी, बदलीचे आदेश, जुन्या फोटोंच्या मागची अक्षरं, आईच्या आठवणी, सगळं कामाचं. 'अक्राणी तालुका, 1968 ते 1971 च्या मधे, शाळेतल्या शिपाईदादांनी दिला, नाव आठवत नाही' एवढं लिहिलं तरी फार झालं. नक्की माहीत असलेलं आणि अंदाजाचं वेगळं लिहा. चिठ्ठी जाड कागदाची, अक्षरं पेन्सिलीची, आणि ती सुती दोऱ्यानं सैल बांधायची. स्टिकर, सेलोटेप, फेविकॉल, काडीवर पेननं आकडा, यातलं काही नको. फोटो काढताना शेजारी पट्टी ठेवा. पूर्ण बाण, टोक दोन्ही बाजूंनी, वेढे, पिसं, खाच, असे वेगवेगळे फोटो घ्या. लांबी सेंटिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये. एक प्रत बाणाबरोबर, एक वेगळीकडे.

जपणुकीचं थोडक्यात सांगतो. कोकण असो की घाट, पावसाळा हाच बाणाचा शत्रू. लोखंड गंजतं, बांबूला भुंगा लागतो, पिसं कसर खाते. काडीतून पिवळसर भुगा पडताना दिसला तर तो बाण ताबडतोब बाकीच्यांपासून वेगळा करा, प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करा आणि उणे 20 अंशांच्या शीतकपाटात किमान आठवडाभर ठेवा. घरचा फ्रीजर तेवढा थंड नसतो, तिथं दोन-तीन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, आधी खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर ओल धरते. तेल, व्हार्निश, डांबरगोळ्या नकोत. बाण उभे टेकवून ठेवले की काड्या वाकतात, तेव्हा धुतलेल्या कोऱ्या मांजरपाटावर आडवे ठेवा. भिंतीवर ठेवायचेच असतील तर उन्हाच्या भिंतीवर नको, बाहेरच्या ओलीच्या भिंतीवर नको आणि खिळ्याला आवळून तर नकोच.

आणि जुना बाण कधीही मारून बघू नका. वाळलेल्या काडीत डोळ्याला न दिसणारी चीर असते. दोरी सुटताक्षणी काडी फुटते आणि तिचा तुकडा कामठा धरलेल्या हातातच घुसतो. लाकडी बाण वापरणारे खेळाडू नवा बाणसुद्धा दर वेळी किंचित वाकवून, कान देऊन तपासतात. जुन्याला तसं वाकवूही नये.

पुढे हे सगळं ठेवणार कोण, हा प्रश्न प्रत्येक संग्राहकाच्या घरी येतो. पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय एका माणसाच्या नादातून उभं राहिलं. दिनकर गंगाधर केळकरांनी दिवे, अडकित्ते, वज्री, कुलपं अशा घरोघरच्या वस्तू आयुष्यभर जमवल्या आणि 1975 मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. त्यांच्याएवढं आपल्याला जमणार नाही, पण हयात असतानाच लिहून ठेवणं जमेल. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं आदिवासी सांस्कृतिक संग्रहालय आहे, नागपूरला 1863 पासूनचं मध्यवर्ती संग्रहालय आहे, भोपाळला इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आहे. सातपुड्याला जवळचं म्हणजे गुजरातेत तेजगडला आदिवासी अकादमी आहे. मूळचे भोरचे असलेल्या गणेश देवींनी तिची उभारणी केली आणि तिथं 'वाचा' हे संग्रहालय आहे. देताना कुठंही नुसता गठ्ठा नेऊन टाकू नका. नोंदी नसलेला गठ्ठा संग्रहालयाला ओझं होतो.

शेवटचं जे सांगायचं आहे ते मला सगळ्यांत जवळचं आहे. जुना बाण मिळवण्यासाठी जेवढी धडपड करता, तेवढी आज बाण करणाऱ्यासाठीही करा. शिलाँगमध्ये खासी लोकांचा तीर हा खेळ रविवार सोडून रोज चालतो, शेकडो बाण लक्ष्यावर पडतात, त्यावर सरकारी परवानगीनं पैसे लागतात. पैजेचं समर्थन मी करत नाही, पण रोज बाण खपतात म्हणून तिथं बाण करणारे हात आहेत. उदयपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात बांबूच्या कामठ्यावर शिकलेले लिंबा राम 1988, 1992 आणि 1996 अशा तीन ऑलिंपिकमध्ये भारताकडून खेळले. तो पहिला कामठा आणि ते पहिले बाण कुणीतरी हातानं केलेले होते. सातपुड्यात शिकार थांबली, ती थांबायलाच हवी होती. पण त्याबरोबर बाणांची मागणीही आटली, आणि ज्याला मागणी नाही ते काम पोरगा बापाकडून शिकत नाही.

म्हणून ओळखीच्या कारागिराला सहा बाणांचं काम द्या. बोथट टोकाचे चालतील, शाळेत दाखवायला तेच बरे. सांगायचं ते दिवाळीच्या सुमारास सांगा. बांबू पावसाळा सरल्यावर, थंडीत तोडतात, तेव्हाच्या बांबूला कीड कमी लागते. मग काड्या वाळायला, शेकून सरळ व्हायला, टोकं ठोकून यायला सवड लागते. होळीपर्यंतची मुदत द्या, घाई करू नका. पिसं कोंबडीची लावा असं आधीच स्पष्ट सांगा. पैसे नगावर ठरवू नका. किती दिवस मोडले ते विचारा आणि गवंड्याला किंवा सुताराला जी रोजी देता तीच धरा, लोहाराचे वेगळे. निम्मे आगाऊ द्या. बाण घ्यायला स्वतः जा, मुलांना घेऊन जा, आणि तिथंच बसून चिठ्ठी लिहा, करणाऱ्याचं पूर्ण नाव त्यांनी सांगितलं तसं, पाडा, महिना, साल.